पीयूसीच्या कागदामागचा इतिहास : गाडीच्या धुराची तपासणी आणि आपली फुप्फुसं



गाडीच्या कागदपत्रांत आरसी बुक, विमा आणि पीयूसी असे तीन महत्त्वाचे कागद असतात. पहिले दोन आपण जपून ठेवतो. तिसऱ्याची आठवण मात्र चौकात ट्रॅफिक हवालदार दिसला की होते. दम्याच्या रुग्णाला मी इनहेलर लिहून देतो, तो कसा ओढायचा ते दाखवतो. पण रस्त्यावरच्या इतरांच्या गाड्यांचा तो तिसरा कागदही या रुग्णाच्या औषधोपचाराचाच भाग आहे, हे समजावून सांगायला ओपीडीच्या गर्दीत वेळ मिळत नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

आधी एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. कोणतीही तपासणी ती जे मोजते तेवढंच सांगते. रक्तातली साखर नॉर्मल आली म्हणून थायरॉईडही नॉर्मल आहे, असं म्हणता येत नाही. गाड्यांच्या धुराचा गेल्या ८० वर्षांचा इतिहास हेच सांगतो. जे मोजलं ते कमी झालं. जे मोजलं नाही ते तसंच राहिलं, कधी कधी तर वाढलं.

लॉस एंजेलिसचं धुरकं

जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर अचानक तपकिरी धुरकं पसरलं. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला, डोळ्यांतून पाणी थांबेना. जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशी शंकासुद्धा लोकांना आली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो काही काळ बंद करून पाहिला, तरी धुरकं येतच राहिलं.

या कोड्याचं उत्तर एका वेगळ्याच माणसाने शोधलं. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते अननसाचा वास कोणत्या रसायनांमुळे येतो याचा अभ्यास करत होते. वास वेगळा काढायची तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं, की पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे दोन्ही हवेत मिसळले आणि त्यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. ओझोन रबराला तडे पाडतो. म्हणून रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या हवेत ठेवून, त्यांना किती वेळात आणि किती खोल तडे जातात यावरून ते ओझोनचा अंदाज घेत. आकाशात उंचावर असलेला ओझोन आपलं रक्षण करतो, पण जमिनीजवळचा ओझोन श्वासनलिकेचा अस्तर जाळतो. जे रबराचं होतं, तसंच काहीसं श्वासनलिकेच्या नाजूक आवरणाचं होतं.

तेल कंपन्यांना हे सहजासहजी पटलं नाही. पण बोट शेवटी रोखलं गेलं ते लोकांच्या स्वतःच्या गाड्यांकडे.

सायलेन्सरमधून नेमकं बाहेर काय पडतं?

पुढचं कळण्यासाठी चार नावं लक्षात ठेवावी लागतील.

१. कार्बन मोनॉक्साइड : इंधन अर्धवट जळलं की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे ऑक्सिजनची जागा अडते.

२. हायड्रोकार्बन : न जळलेलं इंधन. यातच बेंझिन असतं, ज्याचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे.

३. नायट्रोजनचे ऑक्साइड : इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळून हे तयार होतात. यांच्यामुळे दमा बळावतो आणि ओझोनही बनतो.

४. सूक्ष्म कण : विशेषतः डिझेलची काजळी. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण फुप्फुसांच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात, त्यांतले सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात, आणि हृदयविकाराचा धोका वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२मध्ये डिझेलच्या धुराला मानवात निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं.

या चारांपैकी डोळ्यांना दिसते ती मुख्यतः काजळी. पहिले तीन बहुतेक वेळा दिसतच नाहीत. म्हणून 'माझ्या गाडीतून धूर येत नाही' एवढं म्हणून भागत नाही.

पहिला नियम आणि पहिला धडा

१९६६ सालच्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा आली. ती मर्यादा दोनच गोष्टींवर होती, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. कंपन्यांनी सोपा मार्ग काढला. इंधनात हवेचं प्रमाण वाढवलं, इंजिन अधिक तापवलं, इंधन जास्त पूर्ण जळू लागलं. हे दोन्ही घटक कमी झाले. पण इंजिन जास्त तापल्यामुळे नायट्रोजनचे ऑक्साइड वाढले! त्यांच्यावर मर्यादाच नव्हती. ती कॅलिफोर्नियात १९७१च्या मॉडेलपासून आली.

एका औषधाने रक्तदाब उतरावा आणि त्याच औषधाने पोटॅशियम बिघडावं, तसाच हा प्रकार. म्हणून तर आम्ही डॉक्टर औषध सुरू केल्यावर एकच आकडा न पाहता इतरही तपासण्या सांगतो.

शिसं : ५० वर्षं न मोजलेलं विष

दुसरी गोष्ट याहून दुःखद आहे. डिसेंबर १९२१मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना असं आढळलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग, टेट्राएथिल लेड, मिसळलं तर इंजिनाची खडखड थांबते. १९२३मध्ये हे पेट्रोल विक्रीला आलं. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हेच संयुग हाताळणारे ५ कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मेले. पत्रकारांची भीती घालवायला मिजली यांनी त्यांच्यासमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. ॲलिस हॅमिल्टन या कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाईंनी १९२५मध्येच सरकारी परिषदेत विरोध केला. पण विक्री थांबली नाही.

जगभर प्रत्येक गाडी मागे शिशाची बारीक धूळ सोडत गेली. १९७९मध्ये डॉ. हर्बर्ट नीडलमन या बालमानसोपचारतज्ज्ञांनी एक सुरेख युक्ती केली. मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्या मुलांची बुद्ध्यंक चाचणी आणि वर्गातलं लक्ष, दोन्ही कमी भरलं. ही मुलं आजारी दिसत नव्हती. कुणी त्यांना दवाखान्यात आणलं नव्हतं.

मग पेट्रोलमधलं शिसं गेलं कसं? खरं तर ते गेलं एका यंत्रामुळे. अमेरिकेच्या १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांच्या धुरातले घटक ९० टक्क्यांनी कमी करा असं बजावलं. त्यासाठी १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. सायलेन्सरच्या आधी बसवलेला हा डबा. त्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर. धूर या जाळीतून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जळून जातात. पुढच्या पिढीचे कन्व्हर्टर नायट्रोजनचे ऑक्साइडही मोडतात. पण त्या धातूवर शिसं बसलं की तो निकामी होतो. डबा वाचवायचा म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि त्यासोबत मुलंही वाचली! १९७६ ते १९८० या काळात अमेरिकनांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलं, पेट्रोलमधलं शिसं जसं कमी होत गेलं अगदी तसतसं.

आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १९९५मध्ये चार महानगरांत आलं आणि २०००मध्ये देशभर. जगातून ते पूर्णपणे संपलं २०२१मध्ये. शेवटचा देश होता अल्जिरिया.

पीयूसी आपल्याकडे कधी आली?

१९८८चा मोटार वाहन कायदा आणि १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम. त्यातला ११५ क्रमांकाचा नियम धुराविषयी आहे. सुरुवातीची मर्यादा अशी होती : गाडी उभी, इंजिन नुसतं चालू, अशा स्थितीत पेट्रोलवर चालणाऱ्या चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांहून जास्त नको, दुचाकी-रिक्षाच्या धुरात ४.५ टक्क्यांहून जास्त नको. बीएस-४च्या चारचाकीला हीच मर्यादा आता ०.३ टक्के आहे, म्हणजे एक दशांश. गाडी एक वर्षाची झाली की पीयूसी प्रमाणपत्र बाळगणं बंधनकारक होतं.

नव्या मॉडेलची तपासणी मात्र याहून पुष्कळ कडक असते. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था आहे. तिची स्थापना १९६६ची. तिथे गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच राहते. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, आणि तेवढ्या वेळातला धूर पिशव्यांत गोळा करून किलोमीटरमागे किती ग्रॅम घाण निघाली ते मोजायचं. आपल्या शहरांतल्या वाहतुकीवरून या संस्थेने बसवलेला जुना क्रम १०८ सेकंदांचा होता. तो सहा वेळा फिरवत, आणि त्यात सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर.

तुमच्यापैकी अनेकांनी हृदयाची स्ट्रेस टेस्ट केली असेल. पलंगावर झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल असतो, पण पट्ट्यावर चालायला लावलं की दोष उघडा पडतो. पीयूसी म्हणजे झोपून काढलेला ईसीजी. रोलरवरची चाचणी म्हणजे स्ट्रेस टेस्ट. पहिली स्वस्त आहे, गल्लोगल्ली करता येते, मोठे दोष पकडते. पण तिची मर्यादा ओळखूनच ती वापरायला हवी.

न्यायालयांनी दिलेला रेटा

नियम कागदावर होते, पण हवा काही सुधारत नव्हती. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५मध्ये दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या प्रकरणात २८ जुलै १९९८ला न्यायालयाने दिल्लीतल्या सगळ्या बस सीएनजीवर आणा असा आदेश दिला. मुदत मार्च २००१ची होती. ओढाताण झाली, पंपांवर रांगा लागल्या, पण २००२ संपेपर्यंत ते झालं. मुंबईतही धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली, लाल समिती नेमली गेली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर येऊ लागल्या.

पुढे 'भारत स्टेज' या नावाने टप्पे आले. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ला लागू झाला. मग बीएस-५ वगळून थेट बीएस-६ आला, १ एप्रिल २०२०ला. यात गाडीइतकाच बदल इंधनात आहे. १९९५च्या सुमाराला आपल्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दर दहा लाख भागांत १०,००० भाग चालत असे. बीएस-४मध्ये ते ५० भागांवर आलं आणि बीएस-६मध्ये १० भागांवर. गंधक कमी झाल्याशिवाय काजळी अडवणारे फिल्टर नीट टिकत नाहीत. शिशाचं जे कन्व्हर्टरशी, साधारण तेच गंधकाचं नव्या यंत्रणेशी.

परीक्षेत पास, रस्त्यावर नापास

आता अलीकडची गोष्ट. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी डिझेल मोटारींच्या मागे मोजमापाची यंत्रं बांधली आणि त्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. फोक्सवॅगनच्या दोन गाड्या नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट सोडताना सापडल्या. रोलरवर मात्र त्याच गाड्या पास होत होत्या. सप्टेंबर २०१५मध्ये उघड झालं, की गाडीतल्या संगणकाला 'आपली परीक्षा चालू आहे' हे ओळखायला शिकवलं होतं. परीक्षा असली की नियंत्रण चालू, रस्ता असला की ढिलं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. भारतातही डिसेंबर २०१५मध्ये कंपनीने सुमारे ३.२ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

डॉक्टरकडे जायच्या आधी दोन दिवस गोड बंद करून उपाशीपोटीची साखर नॉर्मल दाखवणारे रुग्ण मला चांगले माहीत आहेत. त्यांच्यासाठी आम्ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करतो. गाड्यांसाठी तशी तपासणी म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावरचं मोजमाप. आपल्याकडे नव्या मोटारींना एप्रिल २०२३पासून ते बंधनकारक झालं.

मग पीयूसी निरुपयोगी आहे का?

मुळीच नाही. पण ती काय मोजते ते पाहा. पेट्रोल आणि सीएनजी गाडीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. डिझेलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा. नायट्रोजनचे ऑक्साइड ती मोजत नाही. सूक्ष्म कणही मोजत नाही. नव्या डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर फुटला किंवा कुणी काढून टाकला, तरी दाटपणाच्या चाचणीत ती पास होऊ शकते. याच कारणाने बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी २०२२-२३मध्ये नियमित तपासणीत कणांची प्रत्यक्ष मोजणी सुरू केली. आपल्याकडेही पुढचं पाऊल हेच असायला हवं, असं माझं मत आहे.

त्याआधी एक साधं पाऊल तुमच्या हातात आहे. सायलेन्सरमध्ये नळी न घालताच प्रमाणपत्र हातात पडतं, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. वेळ वाचला म्हणून आपण खूशही होतो. न काढलेल्या रक्ताचा नॉर्मल रिपोर्ट लॅबने दिला, तर तुम्ही खूश व्हाल का?

एवढं करून उपयोग होतो का?

होतो, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा त्याच लॉस एंजेलिसमधून येतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ संशोधकांनी तीन वेगवेगळ्या काळांत मोजली. १९९४-९८च्या गटात १५ वर्षांच्या मुलांपैकी ७.९ टक्के मुलांची फुप्फुसांची क्षमता अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. पुढच्या गटात हे प्रमाण ६.३ टक्के, आणि २००७-११च्या गटात ३.६ टक्के. तेवढ्या काळात तिथल्या हवेतले सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड कमी झाले होते. दम्याच्या मुलांनाही फायदा झाला आणि दमा नसलेल्यांनाही.

फुप्फुसांची वाढ मुख्यतः विशीच्या आत पूर्ण होते. त्या वयात राहून गेलेली वाढ मी नंतर कोणत्याही गोळीने भरून काढू शकत नाही. हवा सुधारली तर मात्र पुढच्या मुलांची वाढ होते.

तुम्ही काय कराल?

• पीयूसीला जाताना गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून न्या. गार इंजिनात कन्व्हर्टर काम करत नाही आणि आकडे चुकीचे येतात.

• नळी सायलेन्सरमध्ये घातली का ते उभं राहून पाहा. प्रमाणपत्रावरचे आकडे वाचा, मागच्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहा. पास असूनही आकडा वाढत असेल तर मेकॅनिकला दाखवा.

• काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, एअर फिल्टर किंवा इंजेक्टर तपासा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

• कन्व्हर्टर किंवा काजळीचा फिल्टर काढून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका.

• सिग्नलला आणि विशेषतः शाळेच्या फाटकासमोर इंजिन बंद ठेवा. लहान मुलांचं नाक सायलेन्सरच्या उंचीच्या जास्त जवळ असतं.

• दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असेल तर सकाळचं फिरणं मोठ्या रस्त्याच्या कडेने नको, आतल्या गल्लीतून किंवा बागेत करा. आणि हवा कितीही सुधारली तरी इनहेलर माझ्याशी किंवा तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नका.

तुमच्या पीयूसीची तारीख उलटली असेल, तर या आठवड्यातच जाऊन या.